उसण भरली कोणाला, चूक कोणाची?

चारोळी
नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय आणि कारण काही चांगलं नाही.

माझा धाकटा भाऊ (वय 27) दीड वर्षापासून भिवंडीत एका गोडाऊनला कामाला आहे. गोडाऊन मोठ्या कंपनीचं, पगार मात्र ठेकेदार देतो. काम म्हणजे गाडी खाली करायची आणि थप्पी लावायची. खोके 8 किलोपासून 45 किलोपर्यंत असतात आणि वर वजन लिहिलेलं असेलच असं नाही. हँड पॅलेट (माल ठेवून हाताने ओढायची चाकाची गाडी) दोन आहेत, त्यातल्या एकाचं चाक गणपतीपासून मोडलेलं आहे.

तीन आठवड्यांपूर्वी रात्रपाळीत कंटेनरच्या अगदी आतून, अंग वळवून खोका ओढताना पाठीत उसण भरली. सकाळी घरी आला तो भिंत धरत. आम्हीही आधी शेक, एरंडाची पानं, गोळी असंच करत बसलो. पाचव्या दिवशी डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. एमआरआय काढला तर एल-4, एल-5 च्या मधली गादी सरकलेली. सहा आठवडे जड काहीही उचलायचं नाही, नंतर फिजिओ.

सुपरवायझर म्हणतो चूक त्याचीच. कारण कामाला लागला त्या दिवशी 20 मिनिटांचा व्हिडिओ दाखवला होता, 'गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा', आणि खाली त्याची सही आहे. गेल्या आठवड्यात ठेकेदाराचा माणूस घरी आला. पाच हजार घ्या आणि 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' एवढं लिहून द्या म्हणाला. मी ऑफिसात होते. या शहाण्याने सही केली.

प्रश्न दोन आहेत. माणसाने किती ओझं उचलायचं याला आपल्याकडे काही नियम आहे का? आणि असं झालं तर जबाबदारी कोणाची, कंपनीची, ठेकेदाराची की खरंच त्याची?

गवती_चहा
अरेरे. काळजी घ्या. पायात मुंग्या म्हणजे अंगावर काढू नका.

नाना_चौकशे
तो व्हिडिओ आमच्या कंपनीतही दाखवतात. त्यातला माणूस इस्त्रीच्या कपड्यात असतो, रिकामा खोका उचलतो, एकदाच उचलतो आणि वर हसतो. त्याला एकदा रात्री अडीच वाजता कंटेनरमध्ये सोडा, मग काढा म्हणावं व्हिडिओ.

गूळखोबरं
माझं मत इथे कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. माझा किराणा मालाचा होलसेलचा धंदा आहे, वडिलांपासून. मालक म्हणजे राक्षस असं धरून चालू नका. मी माझ्या गोडाऊनला दोन हातगाड्या घेऊन दिल्या. एक महिना वापरल्या, आता त्यांच्यावर पोरं बसून डबा खातात. का? तर गाडी लावायची, भरायची, ओढायची यात वेळ जातो. पाठीवर गोणी टाकली की झटकन काम. एक पठ्ठ्या तर एका वेळी दोन गोण्या मारतो आणि मिशीला पीळ देतो. याला मी काय करू? रोज मागे उभा राहू?

नाना_चौकशे
@गूळखोबरं, हमाली नगावर देता की रोजावर?

गूळखोबरं
नगावर. सगळीकडे नगावरच असते.

नाना_चौकशे
मग पठ्ठ्याच्या पाठीवरची दुसरी गोणी तुमच्या दरानेच टाकली की.

तिरपागडा
नाना 1, गूळ 0. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

माथाड्याचा_पोरगा
या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाबा आधी मशीद बंदरला होते, मार्केट वाशीला आलं तसे तिकडे आले. एकूण 31 वर्षं. त्यांच्या सुरुवातीच्या काळात साखरेचं पोतं 100 किलोचं. दोघं जण दोन बाजूंनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे आणि तो फळीवरून चढत थप्पीपर्यंत जायचा. फळी लवते, पाय घसरला तर पोत्यासकट खाली. बाबांचं स्वतःचं वजन तेव्हा 58 किलो होतं. हे मी कौतुकाने सांगत नाही. लहानपणी कौतुक वाटायचं, शाळेत मुलांना सांगायचो. आता त्यांना मान वळवून मागे बघता येत नाही, पूर्ण अंग वळवावं लागतं, तेव्हा कळतं ते काय होतं.

1969 साली माथाडी कायदा आला. अण्णासाहेब पाटलांचं नाव आमच्या घरी देवासारखं घेतलं जातं, त्याचं कारण हे की त्याआधी हमाल कोणाचाच नव्हता. व्यापारी म्हणायचा टोळी मुकादमाची, मुकादम म्हणायचा माल व्यापाऱ्याचा. कायद्याने मंडळं आली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची जादा रक्कम) मंडळात भरायची, मंडळाने पगार, फंड, ग्रॅच्युइटी बघायची. चारोळीताई, तुमच्या भावाची गोष्ट वाचताना वाटलं, 1969 च्या आधीचंच चाललंय. फक्त मुकादमाच्या जागी ठेकेदार आणि गोणीच्या जागी बारकोडवाला खोका.

पोत्याचं वजन 100 वरून 50 वर आलं तेही कोणी दया येऊन केलं नाही. हमालांनी हात वर केले म्हणून झालं. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत, मुंबईत माथाडी संघटना. आजही कांद्याची गोणी 50 च्या वर भरली की बाजारात भांडण होतं. गोणीत पाच किलो जास्त भरायला भरणाऱ्याचं काय जातं? पण दिवसाला 200 गोण्या धरल्या तर उचलणाऱ्याच्या अंगावर एक टन जास्त.

गवती_चहा
शेवटचा हिशोब वाचून गप्प झाले.

कलमबहाद्दर
कामगार कायद्यात वीस वर्षं गेली आहेत, म्हणून क्रमाने लिहितो. लांबेल.

पहिला प्रश्न, वजनाचा. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 34 होतं. इजा होईल इतकं जड ओझं कोणाकडूनही उचलून घेऊ नये, आणि आकडा राज्याने नियमात ठरवावा. बांधकाम कामगारांसाठी 1998 च्या केंद्रीय नियमांत आकडा स्पष्ट दिला होता: प्रौढ पुरुष 55 किलो, प्रौढ स्त्री 30, किशोर मुलगा 30, किशोर मुलगी 20. त्याहून जड असेल तर दुसरा माणूस किंवा यंत्र द्यायचं. हा 55 मुळात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीतला. आणि योगायोग बघा, आपलं सिमेंटचं पोतं 50 चं, धान्याचं 50 चं. मर्यादेत अगदी फिट्ट. म्हणजे आपल्याकडे नियमात बसतो म्हणून 50 किलो दिवसभर उचलायला लावलं तरी मालक म्हणणार, 55 च्या खाली आहे साहेब.

आता मेख. गोडाऊनमध्ये काही तयार होत नसेल तर ते कारखाना धरलं जात नसे, म्हणून कलम 34 दाराबाहेरच राहायचं. भिवंडीतली किती गोडाऊनं या फटीत बसली असतील ते तुम्हीच ठरवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली व्यावसायिक सुरक्षेची 2020 ची संहिता 10 किंवा जास्त कामगार असलेल्या कुठल्याही आस्थापनेला धरते, मग गोडाऊन असो की दुकान. कामाच्या जागी इजा किंवा आजार होईल असा धोका ठेवायचा नाही, हे मालकाचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलंय. कामगारावरही स्वतःची काळजी घेण्याचं कर्तव्य आहे, ते लपवत नाही. पण चाक मोडलेला हँड पॅलेट दुरुस्त करणं हे कामगाराच्या कर्तव्यात येत नाही.

दुसरा प्रश्न, चूक कोणाची. इथे लोकांचा गैरसमज फार मोठा आहे. कामावरच्या अपघाताची भरपाई 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढ्यावर नाकारता येत नाही. 1923 च्या भरपाई कायद्यापासून असं आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व नसेल तर मालकाला तीनच सबबी सांगता येतात: दारू किंवा नशा, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. व्हिडिओखालची सही घेतात ती यातल्या दुसऱ्या सबबीसाठी. पण कंटेनरच्या आत, जिथे माणूस धड उभा राहू शकत नाही तिथे 'पाठ ताठ ठेवा' हा हुकूम पाळणार कसा?

ठेकेदार मधे असला तरी मूळ मालक सुटत नाही. कामगार थेट मूळ मालकाकडून मागू शकतो, मग मालकाने ठेकेदाराकडून वसूल करावं. आणि पाच हजारांचा तो कागद: भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. भावाला रागावू नका, पैसेही परत करू नका, फक्त त्या कागदाचा फोटो असेल तर जपून ठेवा.

चारोळी
@कलमबहाद्दर, काय बोलू. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी 'तुझ्या भावाने असं करायला नको होतं' यापलीकडचं काही सांगितलं. मग आता कामगार आयुक्तांकडे भरपाईचा अर्ज करायचा का?

टेम्सकाठची
मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, आधी सहा वर्षं पुण्यात होते, म्हणून दोन्हीकडचं सांगते.

पुण्यात वॉर्डात पेशंट उचलायचा म्हणजे 'मावशी, मामा, या जरा' आणि एक, दोन, तीन. 90 किलोचा पेशंट चौघांनी चादरीसकट. माझी कंबर 26 व्या वर्षी गेली. तेव्हा वाटायचं माझंच अंग नाजूक.

इथे 1992 चे मॅन्युअल हँडलिंगचे नियम आहेत, 1993 पासून लागू. गंमत म्हणजे त्यात 'इतके किलो' अशी मर्यादाच नाही. नियम सांगतो, धोक्याचं उचलणं शक्य तितकं टाळा. टाळता येत नसेल तर आधी तपासा आणि मग धोका कमी करा. तपासताना चार गोष्टी बघायच्या: काम काय, माणूस कोण, ओझं कसं, जागा कशी. सरकारी खात्याने मार्गदर्शक आकडे दिलेत, तेही जागेप्रमाणे बदलतात. पुरुषासाठी कंबरेच्या जवळ, अंगाशी धरून 25 किलो. तेच जमिनीवरून, हात लांब करून उचलायचं तर 5 किलो. पाच! बाईसाठी 16 आणि 3. त्यातही अंग 90 अंशात वळत असेल तर आणखी 20 टक्के कमी, आणि मिनिटाला 12 पेक्षा जास्त वेळा उचलायचं असेल तर 80 टक्के कमी. इथलं सिमेंटचं पोतंसुद्धा 25 चं येतं.

चारोळी, तुझा भाऊ कंटेनरच्या आतून वळून, हात लांब करून ओढत होता. या तक्त्यात 45 किलोला जागाच नाही गं.

पेशंटला आता मी हाताने उचलत नाही. होइस्ट (उचलायचं यंत्र) आहे, सरकवायची चादर आहे. नसेल तर नाही म्हणायचं, आणि नाही म्हटल्यावर कोणी तोंड वाकडं करत नाही. (करतात. पण लिहून घेतात.)

तिरपागडा
जाता जाता, गॅस सिलिंडरचं काय? आत 14.2 किलो गॅस, रिकामी टाकी साधारण 15-16. म्हणजे 30 किलोचं धूड घेऊन आमचा सिलिंडरवाला लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर येतो आणि आम्ही त्याला वरचे 20 रुपये देताना तोंड पाडतो.

बोरकूट
आमच्याकडे पाण्याचे 20 लिटरचे जार. तो पोरगा एक खांद्यावर आणि एक हातात घेतो.

शिळीभाकरी
आणि शाळेची दप्तरं? 2015 च्या शासन निर्णयात दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांवर नको म्हटलंय. त्या हिशोबाने आमच्या ह्यांना साडेआठ किलो. परवा दळणाचा डबा उचलायला सांगितला तर शासन निर्णय दाखवतील.

नाना_चौकशे
हसून हसून पुरेवाट. शिळीभाकरीताई, 'ह्यांना' हा आयडी दाखवू नका.

मणकेश्वर
फिजिओ आहे, आयडी पेशंटने दिलेला आहे.

अवांतर होण्याआधी त्या व्हिडिओबद्दल. 'नीट उचलायला शिकवलं की पाठ वाचते' हे ऐकायला पटतं, पण 2011 मध्ये कॉक्रेनच्या (वैद्यकीय अभ्यास पडताळणारी संस्था) आढाव्यात याचे सगळे चांगले अभ्यास एकत्र पाहिले. नुसत्या उचलण्याच्या प्रशिक्षणाने पाठदुखी कमी होते असा पुरावा मिळाला नाही. कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नियॉश संस्थेने 1994 लाच सांगितलं की धडधाकट कामगारांना इजा टाळण्यासाठी पट्टा देण्यात अर्थ दिसत नाही. तरी आपल्याकडे सेफ्टी वीक आला की पट्टे वाटतात, फोटो काढतात.

फायदा कशाने होतो? ओझं हलकं करणं, उंची बदलणं, चाकं देणं, वळायला जागा ठेवणं. याला पैसे लागतात. व्हिडिओला एकदाच लागतात.

दुसरं, गादी एका खोक्याने सरकत नाही बहुतेक वेळा. दीड वर्ष रोज ती झिजत येते आणि शेवटचा खोका बदनाम होतो. म्हणून मालकाचा डॉक्टर म्हणतो 'हे जुनं आहे'. जुनं आहे हे खरंच, पण ते जुनं झालं कुठे?

गूळखोबरं
@मणकेश्वर, मग माझ्यासारख्या छोट्या माणसाने काय करायचं? फोर्कलिफ्ट माझ्या गल्लीत शिरत नाही. मी टोमणा मारत नाहीये, विचारतोय.

मणकेश्वर
फोर्कलिफ्ट नको. थप्पी किती उंच लावता? छातीच्या वर जाऊ देऊ नका, आणि खाली जमिनीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर ठेवा. वाकणंही कमी, डोक्यावरून टाकणंही कमी. गाडी वापरत नाहीत म्हणता, तर दाराच्या उंबऱ्याला रॅम्प आहे का? उंबऱ्यावर गाडी अडकते म्हणून लोक पाठ वापरतात, असं मी चार ठिकाणी पाहिलंय.

गूळखोबरं
उंबरा आहे. सहा इंची. वडिलांनी पावसाचं पाणी येऊ नये म्हणून केलेला.
(नानासाहेब, काही बोलू नका.)

नाना_चौकशे
मी कुठे काय बोललो.

माथाड्याचा_पोरगा
गूळखोबरंकाका, रॅम्प झाला की दर पण बघा. नगाचा दर तोच ठेवला आणि गोणी 50 ची 30 ची केली, तर त्याच मालाचे नग दीडपटीहून जास्त होतील आणि हमाली तुम्हालाच जड जाईल. वजन कमी करताना दर किलोवर ठरवावा लागतो. बाबांच्या टोळीत हेच भांडण झालेलं, 100 चं 50 झालं तेव्हा. हमालच विरोध करत होते थोडे दिवस.

गूळखोबरं
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. विचार करतो. आश्वासन देत नाही.

कलमबहाद्दर
@चारोळी, तुमचा आयुक्तांबद्दलचा प्रश्न राहिला. घाई करू नका, आधी एक बघा. भावाच्या पगारपत्रकात ईएसआयची (कामगारांचा सरकारी विमा) कपात आहे का? पगार 21 हजारांच्या आत असेल तर असायला हवी. कामगाराचा 0.75 टक्के, मालकाचा 3.25. कपात असेल तर भरपाईचा वेगळा दावा लागत नाही, ईएसआयकडूनच घ्यायचं. कामावरच्या इजेत तात्पुरत्या अक्षमतेला सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात, साध्या आजारपणात 70 टक्केच. हा फरक लक्षात ठेवा, कारण मालक नेहमी 'आजारी आहे' लिहून पाठवतो. कपात नसेल तर मग भरपाईचा दावा, अपघातापासून दोन वर्षांच्या आत.

चारोळी
बघते. पगारपत्रक मिळतच नाही, व्हॉट्सॲपवर फोटो येतो.

शिळीभाकरी
फोटो पण पुरावाच. शोध गं.

चारोळी
(बारा दिवसांनी)
उशीर झाला, माफ करा. धागा खाली गेला होता, वर काढतेय.

पगाराच्या फोटोत 128 रुपये कपात सापडली. 17 हजारांवर 0.75 टक्के, बरोबर बसतं. म्हणजे दर महिन्याला पैसे कापत होते आणि कार्ड कधी दिलंच नाही. आधारवरून विमा क्रमांक निघाला. ईएसआयच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी परत पाठवलं, मालकाचा अपघात अहवाल आणा म्हणून. ठेकेदार म्हणाला अपघात झालाच नाही, पाठ घरीच दुखावली.

मग भावाला आठवलं. त्या रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी त्याने गोडाऊनच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'पाठ धरली, उचलता येत नाही, कोणी या'. त्यावर सुपरवायझरचा अंगठा आहे. बाकी काही नाही, नुसता अंगठा. त्याची प्रिंट काढून अर्जाला जोडली आणि एक प्रत कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. चौथ्या दिवशी अहवाल आला. त्यात 'कामावर असताना' असं लिहिलंय. पैसे अजून आलेले नाहीत, पण अर्ज आत गेला आहे. मुंग्या कमी आहेत. परत त्याच कामावर जायचं की नाही, यावरून घरात रोज वाद.

आणि हो, मोडक्या हँड पॅलेटला नवीन चाक बसलं. त्याच्या मित्राने फोटो पाठवला.

माथाड्याचा_पोरगा
भारी केलंत ताई. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अंगठा आमच्याही वेळी घ्यायचे, पण आमचा.

कलमबहाद्दर
चाकाचा फोटो डिलीट करू नका. तारखेसकट जपून ठेवा. आज नवीन बसलं म्हणजे त्या रात्री मोडलेलं होतं, हे त्यांनीच सांगून टाकलंय.